मजकूर तोच, मग फाइल वेगळी कशी?

मुलांना 'फाइल' शिकवताना आपण नाव, आकार, प्रकार एवढं सांगतो. तारखेच्या रकान्याकडे फारसं कोणी बघत नाही. पण या तारखेपायी लिनक्सवर एखादं सॉफ्टवेअर बसायचंच नाकारू शकतं.

डेबियन किंवा उबुंटूमध्ये सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येतं. ते उघडून फाइली जागच्या जागी ठेवायचं काम डीपीकेजी हा प्रोग्राम करतो. त्याचा साधारण नियम असा, की एका फाइलचा मालक एकच पॅकेज. दुसऱ्याने त्याच जागी त्याच नावाची फाइल आणली, की काम थांबलं.

आता ६४-बिट संगणकावर विंडोजचे जुने ३२-बिट प्रोग्राम चालवायचे आहेत, समजा. मग एकाच लायब्ररीची ६४ आणि ३२ अशी दोन्ही पॅकेजं लागतात. मुख्य फाइली वेगळ्या फोल्डरांत जातात, पण बदलांची नोंदवही वगैरे दोघांची सामाईक. अशा फाइलींसाठी सवलत आहे. डेबियनच्या २०१३ सालच्या ७ व्या आवृत्तीत ती आली. अट मात्र कडक: दोन्ही पॅकेजांची आवृत्ती एकच हवी आणि सामाईक फाइल बाइट-न्-बाइट सारखी हवी.

गोची इथे होते. ही नोंदवही जीझिपने दाबून ठेवलेली असते. जीझिप दाबलेल्या फाइलच्या सुरुवातीलाच ४ बाइटांत मूळ फाइलची वेळ लिहून ठेवतो, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून. (ती शून्य वेळ ग्रिनिचची मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच!) दोन्ही पॅकेजं वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या वेळी तयार झाली, की मजकूर तोच राहून बाइट बदलतात. बोनाफाइडच्या दोन प्रती आहेत, अक्षर न् अक्षर सारखं, फक्त शिक्क्यावरची तारीख वेगळी, असं समजा. डीपीकेजी म्हणतो, या एक नव्हेत.

फोल्डरमध्ये दिसणारी तारीख फाइलच्या बाहेर असते. ती इथे आड येत नाही. आत शिरलेली तारीख आड येते. मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून हे फळ्यावर चित्र काढूनच सांगावं.

उपाय सोपा आहे. जीझिपला 'उणे एन' हा पर्याय दिला, की तो नाव आणि वेळ लिहीत नाही. इतर ठिकाणी तारीख लागलीच, तर घड्याळाकडे न बघता नोंदवहीतल्या शेवटच्या नोंदीची तारीख घ्यायची, अशी पद्धत आता रुळली आहे. याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. मूळ कोडपासून कोणीही स्वतः पॅकेज बनवावं आणि आपल्याला मिळालेलं त्याच कोडचं आहे ना, हे ताडून बघावं. भटक्या तारखा आत असतील तर ही तपासणी जमतच नाही.

संगणक कक्षात करून बघा. एक मजकूर-फाइल जीझिपने दाबून तिचा शा-२५६ काढा. मग मजकुराला हात न लावता मूळ फाइलची तारीख 'टच' आज्ञेने बदला आणि पुन्हा दाबा. आकडा पार वेगळा येईल. 'उणे एन' लावून तेच करा, दोन्ही वेळा एकच येईल.