४६० नंबरची ओळ

‘जीटीए सॅन अँड्रियास’च्या फोल्डरात ‘डेटा’ नावाचा आणखी एक फोल्डर असतो आणि त्यात ‘व्हेइकल्स.आयडीई’ नावाची फाइल. नाव बोजड असलं तरी आत साधा मजकूर आहे, नोटपॅडमध्येही उघडतो. गेममधली प्रत्येक गाडी, बोट, विमान यांची एकेक ओळ: नंबर, नाव, प्रकार आणि शेवटी काही आकडे. त्या शेवटच्या आकड्यांत चाकांची मापं येतात. ४५९ नंबरला एक व्हॅन आहे. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी ०.७, ०.७ असं लिहिलंय. ४६० नंबरला स्किमर, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान. त्याची ओळ मात्र मध्येच संपते. चाकांचे आकडे तिथे नाहीतच.

गेम पीसीवर आला २००५ मध्ये, आणि ही उणीव तेव्हापासूनची. पुढची जवळपास वीस वर्षं त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली आणि ती घेतलेल्यांच्या गेममधून स्किमर गायब झालं. पाण्याकाठच्या नेहमीच्या जागी ते दिसेना, बाहेरून प्रोग्रॅम लावून बोलावलं तरी येईना. गेमची फाइल तीच, गेम तोच, बदललं ते फक्त विंडोज. साहजिकच सगळ्यांचा संशय विंडोजवर गेला.

आपल्याकडे हा गेम सायबर कॅफेत रुजला. माझ्या पिढीतल्या अनेकांनी त्याच डेटा फोल्डरातली ‘हँडलिंग.सीएफजी’ उघडून गाड्यांची वजनं वाढवली आहेत. एक आकडा बदलायचा, फाइल सेव्ह करायची, गेम पुन्हा चालू करायचा. समोरून येणारी वाहनं आपल्या गाडीला लागून पत्त्यांसारखी उडायची. यंत्रामागे माणसानं लिहिलेले आकडे असतात आणि ते आपल्यालाही बदलता येतात, हे मला पहिल्यांदा कळलं ते शाळेच्या संगणकाच्या तासाला नाही, तिथे कळलं. गेमच्या फाइलींत असे बदल करण्याचं, म्हणजे मॉडिंगचं, मोल मला यासाठी वाटतं.

स्किमरचं कोडं २०२५ मध्ये सोडवलं ते ‘सायलेंट’ या टोपणनावानं काम करणाऱ्या मॉडरनं. जुन्या जीटीए गेममधल्या चुका दुरुस्त करणारा ‘सायलेंटपॅच’ हा त्याचाच. त्याची शोधाची पद्धत एखाद्या निष्णात डॉक्टरसारखी आहे: लक्षणापासून सुरुवात करायची आणि मागे मागे जात राहायचं.

विमान दिसत नाही, तर निदान खेळाडूला थेट विमानात बसवून पाहावं. तसं केल्यावर खेळाडू आकाशात फेकला गेला. किती उंच? १ वर ३१ शून्यं लिहिली की होतात साधारण तितके मीटर. प्रकाशवर्षांत मांडलं तर १,००० लाख कोटींहून जास्त. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाचा व्यास सुमारे ९,३०० कोटी प्रकाशवर्षं धरतात. हे अंतर त्याच्या दहा हजार पटींहून मोठं. म्हणजे विमान नाहीसं झालेलंच नव्हतं, ते फार दूर होतं.

एवढ्यावर थांबलं नाही, गेमही गोठला. त्याचं कारण मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर वाटतं. विमानाच्या पंख्याची पाती फिरतात तसा त्यांचा कोन वाढत जातो. एक फेरी पूर्ण झाली, म्हणजे कोन ६.२८ च्या (२π च्या) पुढे गेला, की गेम त्यातून ६.२८ वजा करतो आणि कोन ६.२८ च्या आत येईपर्यंत करत राहतो. एरवी एक-दोन वजाबाक्यांत काम होतं. पण तो अवाढव्य आकडा एका गणितातून दुसऱ्यात झिरपत पात्यांच्या वेगापर्यंत पोचला होता. संगणक असे दशांश आकडे ३२ बिटांत ठेवतो, तेव्हा त्यातले पहिले सातेक अंकच खरे धरता येतात. ३० अंकी संख्येतून ६.२८ वजा केले तर उत्तर तीच संख्या. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसानं भरलेली ट्रॉली उभी असावी आणि तिच्यातून उसाचं एक कुसळ काढावं, तसं. काट्याला ते कळतही नाही. गेम वजाबाकी करत बसला आणि संख्या हलेचना.

मग हा आकडा आला कुठून? विमान जमिनीपासून किती वर ठेवायचं ते चाकांच्या मापावरून ठरतं, आणि स्किमरला ती मापं दिलेलीच नव्हती. प्रोग्रॅम फाइलमधली ओळ वाचताना आकड्यांसाठी मेमरीत जागा राखतो. ही जागा ‘स्टॅक’वर असते. स्टॅक म्हणजे आपली उतरंडच: काम सुरू झालं की वर मडकं चढतं, काम संपलं की उतरतं. फरक एवढाच, की मडकं उतरलं तरी त्यातला ऐवज कुणी पुसत नाही. पुढचं काम त्याच जागी येतं आणि तिथे स्वतः काही लिहिलं नाही, तर आधीचं उरलेलं त्याच्या हाती लागतं. ४५९ नंबरच्या व्हॅनची ओळ वाचून झाली की तिचे ०.७, ०.७ तिथेच राहायचे. लगेच ४६० ची ओळ यायची, तिच्यात चाकांचे आकडे नसायचे, आणि स्किमर व्हॅनची चाकं घेऊन उडायचं. इतकी वर्षं!

दोन ओळींच्या मध्ये विंडोजही थोडं काम करतं: फाइलला कुलूप लावणं, पुढची ओळ आणणं, कुलूप काढणं. जुन्या आवृत्त्यांत या कामाला स्टॅकवर इतकी कमी जागा लागे, की व्हॅनच्या आकड्यांना धक्का लागत नसे. २४एच२ मध्ये कुलूप काढण्याची रीत बदलली, तिला थोडी जास्त जागा लागू लागली आणि नेमक्या त्या आकड्यांवर भलतंच काही लिहिलं गेलं. विंडोजचं यात काही चुकलेलं नाही. काम संपल्यावर सोडून दिलेली जागा वापरण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

मूळ चूक मात्र आणखी मागची. २००२ च्या ‘व्हाइस सिटी’तही स्किमर होतं, पण तिथे फाइलमध्ये त्याची नोंद बोट म्हणून होती. बोटीला चाकं नसतात, म्हणून आकडेही नव्हते. ‘सॅन अँड्रियास’मध्ये त्याचा प्रकार बदलून विमान केला, आणि विमानाच्या ओळीत चाकांचे आकडे लागतात ते घालायचे राहून गेले. दोन तरंडे बसवलेल्या, जमिनीवर कधी न धावणाऱ्या या विमानाला चाकांची मापं हवीत हे कुणाच्या ध्यानात आलं नसेल, तर मी त्यांना दोष देणार नाही.

सायलेंटपॅचमध्ये आता याचा बंदोबस्त आहे: आकडे नसतील तर ठरावीक आकडे आपोआप धरले जातात. पॅच नको असेल तर नोटपॅडही पुरतं. ४६० च्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम द्यायचा, -१, ०.७, ०.७, -१ असं लिहायचं आणि फाइल सेव्ह करायची.