गाडी सापडली, माणूस नाही : मग आपण काय बोलायचं?

मैत्रिणींनो, माणूस बेपत्ता आणि त्याची गाडी कुठेतरी रस्त्याच्या कडेला उभी, अशी बातमी आली की आपल्या बोलण्याला किती धार चढते, पाहिलंत ना? लोकलच्या बायकांच्या डब्यात, भिशीत, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच विषय. "बाईचं प्रकरण असणार." "कर्जबाजारी झाला असेल." "बायकोशी पटत नव्हतं म्हणे." या 'म्हणे'ला ना आई ना बाप, पण पाय मात्र भारी चपळ! पोलीस घरी पोचायच्या आत ते चार इमारती फिरून आलेलं असतं.

काळजीपोटीच बोलतो आपण, हे मला मान्य आहे. माणूस नाहीसा झाला की मनाला चैन पडत नाही, कारण हवं असतं. पण पोलिसांच्या हाती धागा लागायला चार-पाच दिवस जातात. तेवढ्या दिवसांत आपण जे बोलतो ते कोणाच्या अंगावर पडतं, याचा विचार आज करू या.

आम्हा विठ्ठलवाडीकरांच्या अगदी जवळचीच गोष्ट घ्या. आमच्या बाजूने आकाश स्वच्छ असलं की मलंगगड दिसतो. 2018 च्या सप्टेंबरात त्या मलंगगडाचं नाव रोज बातम्यांत होतं. 5 सप्टेंबरला, शिक्षक दिनाच्या संध्याकाळी, एका मोठ्या खासगी बँकेतले उपाध्यक्ष लोअर परळच्या कमला मिलमधल्या कार्यालयातून निघाले आणि घरी पोचलेच नाहीत. त्यांच्या पत्नीने त्या रात्रीच धावाधाव सुरू केली. थोड्याच दिवसांत त्यांची गाडी सापडली, ती थेट नवी मुंबईत, कोपरखैरण्याला. आत रक्ताचे डाग. माणसाचा पत्ता नाही.

झालं! गाडी मिळाली आणि तर्कांना ऊत आला. माणूस कर्तबगार, वयाच्या चाळिशीच्या आतच वरच्या हुद्द्यावर पोचलेला. म्हणजे बढतीवरून कोणाच्या तरी पोटात दुखलं असणार. बातम्यांतही व्यावसायिक हेव्यादाव्याची चर्चा होती, सुपारी दिल्याचा संशय होता, आणि त्यात कार्यालयातल्या एका बाईकडेही बोट दाखवलं गेलं. विचार करा, तिकडे घरी पत्नी दाराकडे डोळे लावून बसलेली, आणि इकडे ऑफिसला जाणाऱ्या एका बाईकडे, तिचा काही दोष नसताना, सगळे संशयाने बघू लागलेले.

10 सप्टेंबरला मलंगगडाच्या परिसरात त्यांचा मृतदेह मिळाला. गणेश चतुर्थी तीन दिवसांवर आली होती. पोलिसांनी मोबाइलच्या तपासावरून एका विशीतल्या तरुणाला पकडलं होतं. तपासात पुढे आलं ते एवढंच : मोटरसायकलच्या कर्जाचे हप्ते थकलेले, पैसा हवा होता, आणि गाडीच्या पार्किंगमध्ये हा एकटा माणूस समोर आला. लुटीचा प्रयत्न आणि त्यातून खून. बढतीचा संबंध नव्हता आणि कुठल्या बाईचाही नव्हता.

त्या गृहस्थांचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना आठवायचं त्यांना आठवेल. त्यांच्या मागे कुटुंब आहे, आणि ते आजही आपल्याच जगात वावरतं आहे. पण मला सांगा, ज्यांनी त्या कार्यालयातल्या बाईबद्दल चार दिवस बोलून घेतलं, त्यांच्यापैकी किती जणांनी पाचव्या दिवशी "आमचं चुकलं" असं लिहिलं असेल? अफवा धावते, खुलासा मात्र लंगडत येतो.

आणि हे काही मोबाइल आल्यापासूनच सुरू झालेलं नाही बरं का! रहस्यकथा लिहिणारी अगाथा ख्रिस्ती आपल्यापैकी पुष्कळजणींनी मराठी अनुवादातून वाचली असेल. 3 डिसेंबर 1926 च्या रात्री ही बाई इंग्लंडमधल्या आपल्या घरातून मोटार घेऊन निघाली. दुसऱ्या दिवशी गाडी सरे परगण्यातल्या एका उतारावर बेवारस सापडली. आत तिचा कोट होता, ती नव्हती. मग काय विचारता! हजारो लोक शोधायला निघाले, विमानं फिरली, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी तर तिचा हातमोजा एका मृतात्म्यांशी बोलणाऱ्या माणसाकडे नेऊन दिला! नवऱ्याचं दुसऱ्या स्त्रीवर मन जडलं होतं, म्हणून त्यानेच बायकोला मारलं असणार, असा संशय उघड व्यक्त झाला. काहींच्या मते हा सगळा पुस्तक खपवण्याचा डाव.

अकरा दिवसांनी अगाथाबाई हॅरोगेट या गावच्या एका हॉटेलात सुखरूप सापडल्या. तिथे नाव नोंदवलं होतं ते नवऱ्याच्या त्या मैत्रिणीच्या आडनावाने. त्याच वर्षी त्यांची आई वारली होती आणि संसारही मोडायला आला होता. स्मृती गेली होती असं घरच्यांनी सांगितलं. स्वतः त्या त्या अकरा दिवसांबद्दल क्वचितच बोलल्या. 1977 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, आत्मचरित्र छापून आलं, त्यातही या प्रसंगाचा उल्लेख नाही. जगभर खपणारी लेखिका, पण आपल्या दुःखाचा झालेला तमाशा तिला इतका लागला असावा.

या दोन्ही गोष्टींत मला एक सारखेपण दिसतं. संशयाची सुई फिरत फिरत कोणा ना कोणा बाईजवळ येते. पुरुष बेपत्ता झाला तर "बायकोनेच छळलं असेल" नाहीतर "दुसरी कोणी असेल". बाई बेपत्ता झाली तर सरळ "पळून गेली". सासर तेच म्हणतं, शेजार तेच म्हणतो आणि कधीकधी चौकीवरही तेच ऐकवतात. खरोखर संकटात सापडलेल्या बाईच्या शोधाला त्या एका शब्दामुळे किती उशीर होतो! आपण बायकांनीच तो शब्द उच्चारावा, हे बरं नव्हे.

मग बोलायचंच नाही का? तसं नाही. ज्याला काही ठाऊक आहे त्याने बोललंच पाहिजे, पण योग्य ठिकाणी. 25 फेब्रुवारी 2021 ला मुंबईत कारमायकेल रोडवर, अंबानींच्या घराजवळ, जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली स्कॉर्पिओ उभी सापडली, ते आठवत असेल. त्या गाडीशी संबंधित ठाण्याचे एक व्यापारी 4 मार्चच्या रात्री घरातून निघाले आणि दुसऱ्या दिवशी मुंब्र्याजवळ रेतीबंदरच्या खाडीत त्यांचा मृतदेह मिळाला. लगेच 'आत्महत्या' असा शब्द फिरू लागला. घरच्यांनी मात्र ठाम सांगितलं : ते उत्तम पोहणारे होते, ते असं करणार नाहीत. पत्नीने रीतसर जबाब दिला. त्यानंतर 7 मार्चला दहशतवादविरोधी पथकाने खुनाचा गुन्हा नोंदवला. तपास पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला, आणि सप्टेंबर 2021 मध्ये माजी पोलीस अधिकारी सचिन वाझे व इतरांवर आरोपपत्र दाखल झालं. दोषी कोण, हे सांगणं न्यायालयाचं काम आहे. आपण एवढंच पाहायचं, की घरातल्या बाईने जे माहीत होतं तेच सांगितलं, सहीनिशी सांगितलं, आणि त्याला वजन आलं. याला साक्ष म्हणतात. बाकीचं ते गावगप्पा.

गावगप्पांनी जीवही जातात. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप मोबाइलवर फिरत होते. मारले गेलेले होते भिक्षा मागत फिरणारे डवरी गोसावी. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असं बंधन घालायचं ठरवलं. कंपनीने बोटाला लगाम घातला खरा, पण जिभेचं काय?

मुलांचंही ऐका. शाळेत थोडा वेळ का होईना शिकवते, म्हणून सांगते. रात्री जेवताना आपण जे बोलतो ते दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डब्याबरोबर उघडतं. ज्या घरातला माणूस बेपत्ता आहे, त्या घरातलं मूलही त्याच बाकावर बसलेलं असतं. "तुझे बाबा पळून गेले ना?" हा प्रश्न त्याला कोणी विचारला, तर तो त्या विचारणाऱ्या मुलाचा नसतो, त्याच्या घरातल्या मोठ्यांचा असतो.

आता उपयोगाचं बोलू. देव करो आणि अशी वेळ कोणावर न येवो. पण आलीच, आपल्या घरी किंवा शेजारी, तर या गोष्टी लक्षात असू द्या :

1. चोवीस तास थांबायचं असतं, ही समजूत साफ चुकीची आहे. असा कुठलाही नियम नाही. मन धास्तावलं की लगेच पोलीस ठाण्यात जा, किंवा 112 क्रमांक फिरवा. तक्रारीची प्रत घ्यायला विसरू नका.

2. गुन्ह्याचा संशय असेल तर "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. कोणत्याही ठाण्यात 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यातही ही सोय आहे. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे. मुलांसाठी 1098 हा क्रमांकही आहे.

3. जाताना अलीकडचा स्पष्ट फोटो न्या. लग्नातला, मेकअपवाला नको. त्या दिवशीचे कपडे, उंची, अंगावरच्या खुणा, चालू असलेली औषधं, फोन नंबर, गाडीचा नंबर कागदावर लिहून न्या. घाबरल्यावर ऐन वेळी काही आठवत नाही.

4. गाडीला फास्टॅग असेल तर टोलनाक्यावर पैसे कापल्याचा निरोप त्याला जोडलेल्या मोबाइलवर येतो. बँकेचे निरोपही तसेच. ते पुसू नका, पोलिसांना दाखवा.

5. बेवारस गाडी दिसली तर दार उघडू नका, आत डोकावताना काचेला हात लावू नका, फोटो काढून चौफेर पाठवू नका. हातांचे ठसे हाच पुष्कळदा पुरावा असतो. नंबर टिपून पोलिसांना कळवा आणि बाजूला व्हा.

6. मोबाइलचा खोका टाकू नका. त्यावर पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असतो. चालू फोनवर *#06# दाबलं तरी तो दिसतो. घरातल्या प्रत्येकाच्या फोनचा हा क्रमांक, रक्तगट आणि गाडीचा नंबर हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, आज दुपारीच करून टाका.

7. फोटो पुढे पाठवायचा तर घरच्यांना विचारून, पोलीस ठाण्याच्या क्रमांकासह आणि तारीख घालून पाठवा. माणूस सापडला की तसं कळवा आणि जुना निरोप पुसा.

8. "तुमचा माणूस आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा" असे फोन येतात. दुसऱ्याच्या दुःखावर पोट भरणारे असतात. पैसे पाठवू नका, तो नंबर पोलिसांना द्या.

आणि शेजारणीचं काम? "काय झालं हो?" असं विचारायला जाऊ नका. पोळीभाजीचा डबा घेऊन जा. मुलांना अभ्यासाला आपल्या घरी बसवा. पोलीस ठाण्यात जायला बाई एकटी असेल तर सोबत जा. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन घ्यायला एकीने बसा, म्हणजे त्या बाईला घटकाभर पडता येईल. कोणी तिच्यासमोर तर्क लढवू लागलं तर चहाच्या निमित्ताने त्याला बाहेर काढा. आणि आपल्याला खरंच काही दिसलं असेल, गाडी जाताना पाहिली असेल, अनोळखी माणूस दिसला असेल, तर ते पोलिसांना सांगा, जिन्यात नको.

माणूस सापडो वा न सापडो, ते कुटुंब पुढेही त्याच जिन्याने चढणार-उतरणार आहे, त्याच बाजारात आपल्याला भेटणार आहे. त्या दिवशी आपल्याला तिच्या डोळ्याला डोळा भिडवता यावा, इतकं तरी आपलं आजचं बोलणं स्वच्छ असावं. पटतंय ना?