पडद्यावरची लढणारी स्त्री कधी पटते?

वजनाने भारी पुरुषाला नायिका एका ठोशात लोळवते, तेव्हा प्रेक्षकाला ते खोटे वाटते, कारण ठोशाचा जोर बऱ्याच अंशी वजनावर अवलंबून असतो.

‘हेवायर’ (२०११) या चित्रपटात मात्र प्रत्यक्ष मिश्र युद्धकलेची खेळाडू असलेली जीना कॅरानो हॉटेलच्या खोलीतील झटापटीत मायकेल फासबेंडरची मान मांड्यांत आवळते. गळ्याच्या रक्तवाहिन्या दाबणाऱ्या अशा पकडीत पायांचे बळ कामी येत असल्याने ताकदीतील तफावत बरीच कमी होते.

‘अ‍ॅटॉमिक ब्लाँड’मधील (२०१७) जिन्यावरच्या मारामारीत शार्लीझ थेरॉनची नायिका मार खाते, धापा टाकते, लटपटत उभी राहते, आणि हा थकवाच तिचा विजय विश्वसनीय करतो.