वंगण कोणत्या हवेत आहे?

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. आयनिक द्रव नावाची वंगणंही हवेतली ओल अशीच ओढून घेतात, कारण रसायनशास्त्राच्या भाषेत तीही मिठंच आहेत. फक्त नेहमीच्या तापमानाला वितळलेली. असं एक मीठ पॉल वाल्डेन यांनी १९१४ साली नोंदवलं होतं. धातू आणि सिरॅमिकच्या घासणाऱ्या जोड्यांमध्ये ही मिठं उत्तम वंगण ठरतात, हे मात्र २००१ मध्ये चीनमधल्या लांचौच्या संशोधकांनी दाखवलं. ती जवळजवळ उडून जात नाहीत, म्हणून निर्वात जागेतल्या यंत्रांसाठी त्यांचं मोठं आकर्षण आहे.

पण बाहेर काही जात नसलं, तरी आत बरंच काही येतं. ओल शिरली की द्रव पातळ होतो. बॉल बेअरिंगमध्ये गोळी आणि कडं यांना वेगळं ठेवणारा थर अनेकदा मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. द्रवाचा दाटपणा घटला की हा थर आणखी आक्रसतो आणि धातू धातूला भिडू लागतो. फ्लोरिनयुक्त ऋण आयन असलेल्या काही द्रवांत तर पाण्यामुळे हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. पोलाद वाचवायला घातलेलं वंगणच मग पोलाद खातं.

कार्बन डायऑक्साइडची गोष्ट अधिक रंजक आहे. जोन ब्रेनेके आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की दाबाखाली हा वायू अशा द्रवात भरपूर विरघळतो, पण द्रव त्या मानाने फारसा फुगत नाही. वायूचे रेणू आयनांमधल्या मोकळ्या जागांत सामावतात, आयनांची हालचाल सुकर होते आणि दाटपणा उतरतो. मात्र आयनाला अमाइन गट जोडला, तर तोच वायू रासायनिक बंधाने पकडला जातो, हायड्रोजन बंधांचं जाळं विणलं जातं आणि द्रव जेलीसारखा घट्ट होऊ शकतो. एकच वायू, दोन उलटे परिणाम! त्यामुळे कोरड्या नायट्रोजनमधली चाचणी पाहून कारखान्यातल्या बेअरिंगबद्दल निष्कर्ष काढणं मला धोक्याचं वाटतं. आजूबाजूचा वायू, आर्द्रता आणि दाब यांची नोंद घर्षणाच्या आकड्याशेजारी हवीच.

हायड्रोजन मात्र या द्रवांत जेमतेम विरघळतो. लिंडे कंपनीने नेमका याचाच फायदा घेतला. हायड्रोजन भरणा केंद्रांसाठीच्या तिच्या कॉम्प्रेसरमध्ये धातूच्या दट्ट्याऐवजी आयनिक द्रवच वायू दाबतो आणि वंगणाचं कामही करतो.