गाडी उचलून नेली तर?

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या दोघी पापडांची ऑर्डर पोचवायला जिल्ह्याच्या गावी गेल्या. दुकानातून बाहेर येऊन बघतात तर स्कूटी जागेवर नाही! डिकीत गटाच्या हप्त्याचे पैसे. दोघींचे हातपायच गळाले. पण गाडी चोरीला गेली नव्हती. नो पार्किंगमध्ये लावली होती, म्हणून वाहतूक पोलिसांच्या टोइंग व्हॅननं उचलली होती.

अशा वेळी घाबरून जायचं नाही. आधी शेजारच्या दुकानदाराला विचारायचं. मग चौकातल्या वाहतूक पोलिसाला गाडीचा नंबर सांगायचा. कुणालाच काही माहीत नसेल तर ११२ ला फोन लावायचा. म्हणून नंबर पाठ हवा.

गाडी सोडवायला जाताना लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी जवळ ठेवा. मोबाईलमधल्या डिजिलॉकरवरची कागदपत्रंही चालतात. कायद्यानं दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा तीच चूक झाली तर १,५०० रुपयांपर्यंत होतो. गाडी उचलून नेल्याचा खर्च वेगळा. कुणी मधला माणूस ‘मी सोडवून देतो’ म्हणाला, तर त्याच्या हातात पैसे देऊ नका. दंड भरला की पावती घ्याच. गाडी ताब्यात घेताना डिकी उघडून बघा, आरसे बघा, कुठं खरचटलंय का बघा. तक्रार असेल तर तिथंच सांगा.

आमचे पैसे डिकीत जसेच्या तसे मिळाले. पण आता आम्ही ठरवलंय, गटाचे पैसे डिकीत नाही, खांद्यावरच्या पिशवीत!