शिकागोचे पत्र : ‘थेट’ जाणारी बॅग मधे एकदा हातात येते

एप्रिल उजाडला की इथल्या मराठी घरांत बोलण्याचा विषय ठरलेला असतो : आई-बाबांचे तिकीट. विमान कुठले, थांबा कुठे आणि किती तासांचा. मुलगा किंवा मुलगी शिकागोतच राहते असे थोडेच आहे? कुणी मिलवॉकीला, कुणी इंडियानापोलिसला, कुणी आयोवातल्या एखाद्या विद्यापीठाच्या गावी. तिथवर भारतातून विमान जात नाही. म्हणून शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उतरायचे, चार-सहा तास काढायचे आणि दुसरे, लहान विमान धरायचे.

मुंबईला काउंटरवर सामान देताना कर्मचारी सांगतो, “बॅगा शेवटपर्यंत टॅग केल्यात.” तो खोटे बोलत नाही. बॅगेला गुंडाळलेल्या पट्टीवर शेवटच्या गावाचीच तीन अक्षरे छापलेली असतात. पण हे ऐकून ज्येष्ठ मंडळी निर्धास्त होतात, शिकागोला उतरल्यावर पाट्या बघत पुढच्या विमानाची वाट धरू पाहतात आणि गोंधळाला सुरुवात होते. अमेरिकेत तुम्ही पहिल्यांदा जिथे उतरता तिथे सामान स्वतः उचलावे लागते, कस्टम्समधून न्यावे लागते आणि पुन्हा विमान कंपनीच्या हवाली करावे लागते. पुढचे तिकीट त्याच कंपनीचे असले तरी हे चुकत नाही.

दुबई, दोहा किंवा फ्रँकफर्टला असे का होत नाही, हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतेच. उत्तर इथल्या विमानतळांच्या बांधणीत आहे. अमेरिकेतून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारणारी खिडकीच नसते. टोकियोला निघालेला आणि टेक्ससला निघालेला प्रवासी एकाच सुरक्षा रांगेतून जातात, शेजारशेजारच्या गेटवर बसतात. त्यामुळे फक्त परदेशी प्रवाशांसाठी राखून ठेवलेला, देशाच्या हद्दीबाहेरचा मानता येईल असा भाग इथे जवळजवळ नाहीच. विमानातून उतरलात की तुम्ही अमेरिकेत आलात आणि तुमच्याबरोबर तुमची बॅगही आली. मुंबईहून अमेरिकामार्गे मेक्सिकोला जाणाऱ्यालाही म्हणूनच अमेरिकेचा व्हिसा लागतो. काही प्रवाशांना व्हिसाशिवाय मार्गस्थ होऊ देणारी एक सवलत पूर्वी होती, ती ऑगस्ट २००३ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून स्थगित झाली.

आता ओहेअरचे टर्मिनल ५ डोळ्यांसमोर आणा. इमिग्रेशनची रांग संपली की पुढे सामानाचे पट्टे. भारताकडून आलेल्या विमानाचा पट्टा लांबूनच ओळखू येतो : हँडलला बांधलेल्या लाल-पिवळ्या रिबिनी, साडीच्या काठाची चिंधी, मार्करने ठळक लिहिलेले आडनाव, खोक्यांभोवती करकचून आवळलेली सुतळी. प्रत्येकी तेवीस किलोच्या दोन बॅगा वयाची सत्तरी गाठलेल्या माणसाने हलत्या पट्ट्यावरून ओढून काढायच्या, हे सोपे काम नाही. म्हणून माझा आग्रह असतो की चालता येत असले तरी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागावी. इथल्या कायद्याने ती मोफत द्यावीच लागते. तिच्याबरोबर येणारा मदतनीस इमिग्रेशन, पट्टा, कस्टम्स या साऱ्यातून वाट काढून देतो. त्याच्या हातावर चार-पाच डॉलर ठेवण्याची रीत आहे, तेवढे सुटे जवळ असावेत.

बॅगा घेऊन कस्टम्समधून बाहेर पडलात की लगेच पुढच्या विमानासाठी सामान परत देण्याची जागा येते. जुनी पट्टी अजून शाबूत असेल तर कर्मचारी ती वाचतो आणि बॅग पट्ट्यावर ढकलतो. काम मिनिटभराचे, पण ते मिनिट चुकवून दाराबाहेर पडलात तर मग त्याच बॅगा घेऊन विमानतळावरच्या आगगाडीने पुढच्या टर्मिनलला जायचे आणि चेक-इनच्या रांगेत नव्याने उभे राहायचे. युनायटेडची विमाने मुख्यतः टर्मिनल १ मधून सुटतात, अमेरिकन एअरलाइन्सची टर्मिनल ३ मधून. आई-बाबांना मी एकच वाक्य पाठ करून यायला सांगतो : बॅग हातातून गेल्याशिवाय काचेच्या दाराबाहेर पाऊल टाकायचे नाही.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट करून टाकावी. वाटेत दुबईला घेतलेले अत्तर, मधाची बाटली, असे शंभर मिलिलीटरहून जास्त द्रव हातातल्या पिशवीत असेल, तर ते आता मोठ्या बॅगेत घालावे. पुढे पुन्हा सुरक्षा तपासणी आहे आणि दुकानाची सीलबंद पिशवी फोडलेली असली तर बाटली तिथेच जाते.

खाण्याच्या पदार्थांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खरी भीती तिथे असते. पूर्वी विमानातच कागद भरून घेत, आता बहुतेक वेळा अधिकारी तोंडीच विचारतो, “खाण्याचे काही आणले आहे का?” घाबरून म्हटलेले “नाही” हा सगळ्यात महागात पडणारा शब्द. बंदी असलेली वस्तू लपवल्याचे आढळले तर पहिल्याच खेपेला हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. वस्तू जाहीर केली आणि ती चालत नसली तर काढून घेतात आणि तुम्हाला सोडतात. लोणचे, मसाले, चकली, शेवेचे पुडे यांवर सहसा कुणी हरकत घेत नाही. ताजी फळे, ताजा कढीपत्ता, बियाणे आणि घरचा तांदूळ मात्र मागे ठेवून यावे.

यामागे सरकारी लहर नाही. कढीपत्त्याच्या झाडावर राहणारा एक लहानसा कीटक १९९८ मध्ये फ्लोरिडात सापडला. त्याच्यामार्फत पसरणारा लिंबूवर्गीय झाडांचा रोग तिथे २००५ मध्ये दिसला आणि त्यानंतर फ्लोरिडाचे संत्र्याचे उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घसरले. नागपूरच्या संत्रा बागायतदाराला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. तांदळाला बंदी आहे ती धान्य पोखरणाऱ्या खपरा किड्यामुळे. आणि हापूस? तो २००७ पासून अमेरिकेत कायदेशीर येतो, पण कोयीतला भुंगा मारण्यासाठी लासलगावला किंवा वाशीला किरणोत्सर्गाची प्रक्रिया होऊन, पेटीवर शिक्का घेऊन. तोच आंबा बॅगेतून आणला तर कस्टम्सच्या कुत्र्याला त्याचा वास लागतोच. बीगल जातीची ही कुत्री या कामावर १९८४ पासून आहेत.

थांबा लांब असेल तर बॅगा सोपवल्यावर तुम्ही मोकळे. ओहेअरहून ब्लू लाइनची गाडी चोवीस तास असते, पाऊण तासात शहराच्या मध्यभागी नेते. पण बॅगा हातातच राहिल्या तर? पुढचे विमान दुसऱ्या दिवशी असले, किंवा पुढचे तिकीट वेगळे काढलेले असले, तर असे होऊ शकते. बऱ्याच कंपन्या देशांतर्गत विमानाचे सामान सुटण्याच्या चार-सहा तास आधीपर्यंत घेतच नाहीत. आणि युरोप-जपानसारखे लॉकर इथे शोधू नका. २९ डिसेंबर १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर सामानाच्या लॉकरांपाशी बॉम्ब फुटला, अकरा माणसे गेली. गुन्हेगार आजवर सापडलेला नाही. त्या घटनेनंतर लॉकरांवर संशयाची नजर बसली आणि २००१ नंतर तर ते विमानतळांवरून जवळपास दिसेनासे झाले. अशा वेळी विमानतळाजवळ खोली घेणे हाच शहाणपणा. रात्रभर खुर्चीत बसून चार बॅगांची राखण करायला वडीलधाऱ्यांना लावू नये.

वेगळे तिकीट काढण्याचा मोह मुलांना होतो, दोनशे डॉलर वाचतात म्हणून. माझे मत याच्या स्पष्ट विरोधात आहे. वेगळ्या तिकिटावर बॅगेचे भाडे वेगळे लागते, पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी तुमची वाट बघत नाही आणि बॅग हरवली तर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. एकच तिकीट असेल तर तक्रार शेवटच्या विमान कंपनीच्या काउंटरवर, विमानतळ सोडण्याआधी, लेखी नोंदवायची. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची तक्रार सात दिवसांत, उशिरा मिळालेल्या सामानाची एकवीस दिवसांत करावी लागते. सामान दिल्याची चिकट पावती तोवर जपायची. औषधे, दागिने आणि दोन दिवसांचे कपडे मोठ्या बॅगेत कधीच नकोत.

बॅग बंद करताना तपासनिसांना उघडता येईल असेच कुलूप लावावे. इथे प्रत्येक बॅग तपासली जाते आणि कुलूप अडचणीचे वाटले तर ते तोडण्याचा त्यांना अधिकार आहे. आत बॅग उघडल्याची छापील चिठ्ठी सापडली तर दचकू नये.

या साऱ्यातून सुटायची एक वाट आहे. अबू धाबी विमानतळावर जानेवारी २०१४ पासून अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्स आहे. तिथे अधिकारी तुमच्या बॅगेचे छायाचित्र पडद्यावर दाखवून विचारतो, “हीच का?” आणि शिकागोला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. डब्लिनलाही अशी सोय आहे. ज्येष्ठ माणसे एकटी येणार असतील आणि पुढे दुसरे विमान असेल, तर चार पैसे जास्त पडले तरी मी हाच मार्ग सुचवीन.

मुलांना एवढेच सांगणे आहे : तिकिटाबरोबर आई-बाबांना एक कागद मराठीत लिहून पाठवा. कुठे उतरायचे, कुठल्या पट्ट्यावरून किती बॅगा उचलायच्या, त्या कुठे परत द्यायच्या, अधिकाऱ्याला काय सांगायचे, आणि तुमचा फोन नंबर. फोनची बॅटरी संपलेली असते तेव्हा त्यांच्या हाती तो कागदच असतो.