प्रवासाचें अ‍ॅप आणि त्याची परीक्षा

परगांवीं जावयाचें ठरलें, कीं पूर्वीं घरांत वेळापत्रकाचें पुस्तक उघडलें जाई. आतां तें काम बहुधा मोबाइलमधील अ‍ॅप करतें. गाडी केव्हां सुटते, कोठें उतरावयाचें, दुसरी गाडी कोठें धरावयाची, हें सारें तें बोटाच्या स्पर्शासरशीं सांगतें. परंतु असें अ‍ॅप चांगलें वठलें आहे कीं नाहीं, हें ठरवावयाचें कोणीं? तें रचणाऱ्यानें, असें उत्तर कोणीही सहज देईल. तें उत्तर बरोबर नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आपण रचलेल्या वस्तूंतील दोष आपणांस दिसत नाहींत, ह्याचें कारण सोपें आहे. कोणतें बटण कशासाठीं आहे, हें रचणाऱ्यास आधींच ठाऊक असतें. आपल्या घरांत मनुष्य अंधारांतही ठेंचाळत नाहीं. पाहुणा मात्र उंबऱ्यास अडखळतो. म्हणून उंबरा उंच झाला आहे काय, हें पाहुण्याच्या चालण्यावरूनच ओळखलें पाहिजे.

अ‍ॅप निघण्यापूर्वींही प्रवासाच्या साधनांस ही परीक्षा चुकली नाहीं. लंडन शहराच्या भुयारी रेल्वेचा नकाशा हें ह्याचें प्रसिद्ध उदाहरण होय. हॅरी बेक नांवाच्या आरेखकानें १९३१ सालीं ह्या रेल्वेचा एक नवा आराखडा काढला. त्यानें वरचे रस्ते व खरीं अंतरें सोडून दिलीं आणि सर्व मार्ग आडव्या, उभ्या व तिरप्या सरळ रेषांनीं दाखविले. कारण भुयारांतून जाणाऱ्यास गाडी कोठें बदलावयाची, एवढेंच मुख्यतः हवें असतें. अधिकाऱ्यांनीं तो प्रथम नाकारला. इतका निराळा नकाशा त्यांस पटला नाहीं. पुढें १९३३ च्या जानेवारींत तो खिशांत मावेल अशा घडीच्या रूपानें लोकांच्या हातीं देण्यांत आला, आणि अभिप्राय कळविण्याची विनंति त्याच्या मुखपृष्ठावरच छापण्यांत आली. लोकांनीं तो उचलून धरला. तरी बेक तेथें थांबला नाहीं. गाडी बदलण्याच्या स्थानकांची चौकोनी खूण पुढें वर्तुळाकार झाली, आणि असे फेरफार तो अनेक वर्षें करीत राहिला.

२००९ सालीं, नकाशा अधिक सुटसुटीत व्हावा म्हणून, त्यांतून थेम्स नदीची निळी रेषा गाळण्यांत आली. रेल्वेच्या प्रवाशास नदी कशाला हवी, असें आपणांसही वाटेल. परंतु लोकांनीं तक्रार केली व त्याच वर्षीं नदी परत आली. शहराची उत्तर बाजू कोणती व दक्षिण बाजू कोणती, हें तिच्यावरूनच चटकन् ओळखूं येत असे.

आज जाणते रचनाकार तक्रारी येईपर्यंत वाट पाहत नाहींत. ते प्रथम अ‍ॅपच्या पडद्यांचीं चित्रें कागदावर काढतात, तीं एखाद्या माणसापुढें ठेवतात व त्यास काम सांगतात: ‘उद्यां सकाळीं दहाच्या आंत अमुक गांवीं पोहोंचावयाचें आहे, गाडी शोधा.’ मनांत येईल तें त्यास मोठ्यानें बोलावयास सांगतात आणि स्वतः गप्प बसून त्याचें बोट कोठें थबकतें, तें टिपून घेतात. दोष दुरुस्त केल्यावर नव्या माणसांपुढें तोच प्रयोग पुन्हा करतात. ह्या विषयाचे अभ्यासक जेकब नील्सन यांनीं २००० सालीं असें मांडलें, कीं पंधरा माणसांची एकच परीक्षा घेण्यापेक्षां पांच-पांच माणसांच्या तीन फेऱ्या घ्याव्या व प्रत्येक फेरीनंतर सुधारणा करावी.

आमच्या वर्गानें हा प्रयोग करून पाहिला. पत्त्यांएवढ्या कागदांवर आम्हीं एक अ‍ॅप काढलें व तें एका विद्यार्थ्याच्या वडिलांपुढें ठेवलें. गाडीपुढें लिहिलें होतें, ‘१५ तारीख, ००.१०’. ‘घरून केव्हां निघाल?’ असें विचारतां ते म्हणाले, ‘पंधरा तारखेस रात्रीं जेवून.’ मुलगा उत्तर सांगावयास उठला. त्यास आम्हीं खुणेनें खालीं बसविलें. ती गाडी तर चौदा तारखेची मध्यरात्र उलटून दहा मिनिटें होतांच सुटून गेली असती! चूक ध्यानांत येतांच ते ओशाळून म्हणाले, ‘माझेंच लक्ष नव्हतें.’ पुष्कळ वर्षें रेल्वेनें प्रवास केलेल्या गृहस्थांच्या तोंडचे हे शब्द ऐकून लाज आम्हांस वाटली.

मग आम्हीं ‘१४ तारखेची रात्र, १२ वाजून १० मिनिटें’ असें लिहिलें. दुसऱ्या फेरींत एका विद्यार्थ्याच्या आईनें विचारलें, ‘मग तिकिटावर पंधरा तारीख कां?’ एक दोष काढतांना आम्हीं दुसरा निर्माण केला होता. तिसऱ्या कागदावर शेवटीं असें लिहिलें: ‘१४ तारखेस रात्रीं जेवून निघावें. गाडी मध्यरात्रीनंतर १२ वाजून १० मिनिटांनीं सुटेल; तेव्हां १५ तारीख लागलेली असेल.’ पुढच्या पांच जणांपैकीं येथें कोणीही अडलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, घरांतील वडील माणसें ‘हें आम्हांस जमत नाहीं’ असें म्हणून मोबाइल तुमच्या हातीं देतात, तेव्हां हसूं नका, आणि घाईनें त्यांचें काम उरकूनही टाकूं नका. त्यांचें बोट कोठें थांबलें, तें आधीं पाहा. दोष बहुधा तेथेंच सांपडेल. पालकांसही एक नम्र विनंति आहे. अडलें तर ओशाळूं नये. कोठें अडलें, तें मोकळेपणानें सांगावें. तें ऐकून कोणी एक शब्द बदलील, आणि पुढच्या एखाद्या प्रवाशाची गाडी चुकणार नाहीं.